फुवांचं राखीव इंजिन

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लेख वगैरे तर दूरच, साधं पत्र लिहायचं झालं तरी सगळ्यांनी मिळून मजकूर सांगायचा आणि मी उतरवायचा, अशी आमची रीत. तेव्हा एखाद्या माणसावर मी लिहावं आणि ते इतरांनी वाचावं, हे मला जरा आगाऊपणाचंच वाटतं. पण आमच्या फुवांवर कुणीतरी लिहायला हवं आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. म्हणून भीत भीत पण खात्रीने लिहितो, की संकटासाठी आमच्या फुवांइतका तयार बसलेला माणूस धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडणार नाही. संकट आलं नाही, यात त्यांचा काही दोष नाही.

फुवा मूळचे धरणगावचे. तरुणपणी ते तिथल्या एका जिनिंगमध्ये ऑइल इंजिन चालवायचे. पुढे कुणाच्या तरी ओळखीने दूर समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. जळगावात त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. कॉलेजसाठी मी गावाहून आलो तो त्यांच्याकडेच उतरलो आणि अजून तिथेच आहे. गल्लीतल्या लोकांना आधी वाटायचं की हा माणूस अणुबाँब करायचा. एकदोघं तर त्यांच्या अंगणातून जाताना जपून पाऊल टाकत. फुवा प्रत्येकाला थांबवून सांगत, की अणूशी आपला संबंध नाही, आपण डिझेलवाले. मग समोरच्याला घाई असो वा नसो, पुढचं सगळं ऐकावं लागे. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या पोटातली धग लगेच जात नाही, चुलीतलं लाकूड ओढलं तरी निखारे राहतातच. ती धग काढायला पाणी फिरतं ठेवावं लागतं, पाण्याला पंप लागतात आणि पंपांना वीज. भट्टी बंद असताना ही वीज बाहेरून यायची. ती बाहेरची वीजच गेली तर डिझेलच्या इंजिनांनी आपोआप सुरू होऊन दहा मोजायच्या आत भार घ्यायचा. अशी दोन इंजिनं. एक नाही चाललं तर दुसरं. मध्ये जाड भिंत, म्हणजे एका खोलीत काही पेटलं तर दुसरी वाचावी. त्यातलं दुसरं इंजिन फुवांचं. आणि गंमत अशी, की फुवांच्या सगळ्या नोकरीत त्या इंजिनाला खरी हाक एकदाही आली नाही. दर महिन्याला चाचणी म्हणून चालवायचं, नीट चाललं की बंद करायचं आणि पुसून ठेवायचं. जे कधी लागूच नये अशी सगळ्यांची इच्छा, त्याची सेवा करण्यात त्यांची उभी हयात गेली.

ती सेवा त्यांच्या अंगात अशी मुरली आहे, की ते निवृत्त झालेत हे त्यांच्या अंगाला अजून कळलेलं नाही. घरात प्रत्येक वस्तू दोन. दोन कंदील, दोन छत्र्या, दोन गजराची घड्याळं, आणि जोडीतली एक वस्तू नेहमी दुसऱ्या खोलीत. कुलपाची दुसरी किल्ली शेजारच्या अक्कांकडे, कारण दोन्ही किल्ल्या एका घरात असल्या तर त्या दोन कशा? शनिवारी संध्याकाळी फुवा कुणाला न सांगता मेन स्विच ओढतात आणि अंधारात खणखणीत आवाजात मोजायला लागतात. दहाच्या आत कंदील लागला पाहिजे. जळगावात वीज रोजच जाते, मग वेगळी चाचणी कशाला, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि सांगून जाते ती जाणं नव्हे, असं समजावलं. फुई या चाचणीत आजवर नापास झालेली नाही, कारण शनिवारी दिवेलागणीलाच ती कंदील लावून टोपलीखाली झाकून ठेवते. फुवांना हे ठाऊक आहे. पण इंजिन आधीपासून गरम ठेवलेलं असावं हा नियमच असल्याने त्यांची हरकत नाही.

गरम ठेवण्याचं तर विचारूच नका. त्यांच्या इंजिनातलं पाणी बंद असतानाही हीटर लावून कोमट ठेवत, तेल आधीच फिरवून ठेवत, कारण थंड इंजिनावर भार टाकला की ते खचतं. म्हणून फुवा मे महिन्यात, रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं अशा दिवसांत, पहाटे गळ्याला मफलर लावून ऊन पाणी पितात. उठल्यावर गुडघ्यांना तेल चोळतात आणि ते तेल फिरेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. गेलेली वीज परत आली की आधी एक दिवा, मग थोडं थांबून पंखा, मग आणखी थांबून रेडिओ. इंजिनावर भार टप्प्याटप्प्यानेच चढवायचा असतो, म्हणून सगळं एकदम लावलेलं त्यांना खपत नाही. रेडिओवरच्या बातम्या निम्म्या झालेल्या असल्या तरी त्याचा नंबर येईपर्यंत तो बंदच. पुन्हा फुवांचे कान इंजिनाच्या धडधडाटाने अधू झालेले, त्यामुळे उरलेल्या निम्म्या बातम्या सगळ्या गल्लीला ऐकू जातात.

पण हे सगळं एकीकडे आणि फुवांचं ट्रिप होणं एकीकडे. हा शब्द त्यांना लावला तो फुईने. इंजिनात तेलाचा दाब उतरला, पाणी तापलं, वेग वाढला की ते स्वतःचं स्वतः बंद पडतं, त्याला तिथे ट्रिप होणं म्हणत. फुवाही असेच बंद पडतात. चहावर साय दिसली की बंद. घड्याळाला किल्ली देताना कुणी बोललं की बंद. आणि भरितात मीठ जास्त झालं तर मग संध्याकाळपर्यंत आशाच नको. ओरडत नाहीत, भांडत नाहीत. उठतात, चपला घालतात आणि चालू लागतात.

भडगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं. पंगतीत वाढप्याने घाईघाईत फुवांच्या पत्रावळीवर वरण, भाजी आणि जिलेबी एका दमात ओतली. भार एकदम टाकलेला फुवांना कसा चालावा? ते उठले आणि थेट बसस्टँडवर जाऊन बसले. लग्नघरात धावपळ उडाली. रुसून गेला तो मुलीचा काका की घरचा जावई, यावरच आधी वाद झाला. फुई मात्र शांतपणे जेवत होती. तिने मला खुणेने बोलावलं.

"तुना फुवा ट्रिप व्हयनात," ती म्हणाली. "जाय, रीसेट करी ये. पन लगेच नको. थोडा वखत जाऊ दे."

बंद पडलेलं इंजिन लगेच सुरू करायचं नसतं, आधी कारण शोधायचं असतं, हे तिला संसारातून पाठ झालेलं. ते सुरू कसं करायचं हेही तिनेच शिकवलं होतं. इंजिनाबद्दल काहीतरी विचारायचं. मी स्टँडवर गेलो, शेजारी बसलो आणि जरा वेळाने विचारलं, की फुवा, खरी हाक आली आणि नेमका तेव्हाच तेलाचा दाब उतरला, तर इंजिन ट्रिप होणार, मग भट्टीचं काय?

फुवांचा चेहरा उजळला. खऱ्या वेळी बहुतेक ट्रिपा लागूच होत नाहीत, ते सांगू लागले. चाचणीच्या वेळी इंजिनाने स्वतःला जपायचं. खरी हाक आली की नाही जपायचं. वेग हाताबाहेर गेला तर थांबतं, एरवी तेल असो नसो, पाणी उकळो, चालत राहायचं. दिवे लाल होतील, भोंगा वाजेल, पण बंद करायचं नाही. इंजिन जळालं तर दुसरं आणता येतं, भट्टी दुसरी आणता येत नाही.

"तवय त्यानी माया करानी नही," ते म्हणाले. त्या वेळी त्याची माया करायची नाही. हे सांगताना त्यांचा हात बाकाच्या लोखंडी दांड्यावरून इतका हळुवार फिरत होता, की पाहणाऱ्याला वेगळीच शंका यावी. पुढची पंगत बसेपर्यंत ते बोलत राहिले आणि बोलत बोलतच मांडवात परतले. वाढप्याला त्यांनी स्वतः समजावलं की आधी भात, मग वरण.

माझ्या पहिल्या परीक्षेच्या दिवशी मी सायकल काढली, तर फुवा दुसरी सायकल घेऊन दारात उभे. माझी पंक्चर झाली तर? मी पुढे आणि ते मागे, असे आम्ही परीक्षा संपेपर्यंत रोज गेलो. कॉलेजची मुलं हसत. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. माझी सायकल एकदाही पंक्चर झाली नाही. पण पेपर लिहिताना खिडकीतून फाटकाशी उभे असलेले फुवा आणि त्यांची ती राखीव सायकल दिसायची, आणि का कोण जाणे, अडलेलं पेन पुन्हा चालू लागायचं.

आता जे सांगायचं ते फुवा स्वतः कुणाला सांगत नाहीत. मला फुईने सांगितलं. त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. मित्रांनी गळ्यात हार घातला आणि कौतुकाने म्हणाले, तुमचं इंजिन आज तुमच्याच हाताने चालवा. चाचणीचा दिवसही होताच. फुवांनी हारासकट ते सुरू केलं. छान चाललं, भार घेतला, आणि थोड्याच वेळात लाल दिवा लागून बंद पडलं. तेलाचा दाब कमी. सगळे हसले, तुम्ही निघालात म्हणून रुसलं, म्हणाले. दाब सांगणारा स्विच खोटं बोलला असेल, नवीन बसवू, म्हणाले. पण दाब खरंच उतरला असेल तर आत बेअरिंग खाल्लं गेलेलं असणार. ते उघडून पाहायच्या आत फुवांची गाडी होती, घरचं सामान आधीच ट्रकने गेलं होतं. नंतर स्विच बदलला आणि चाचण्या ठीक होतात, असा निरोप आला. फुवांचं समाधान झालं नाही. चाचणीत ठीक आणि खऱ्या वेळी ठीक, यातलं अंतर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आपण एक आजारी इंजिन मागे ठेवून आलो की काय, हे त्यांच्या मनात घर करून बसलं. रोज वाचनालयात जाऊन ते वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, ते यासाठी. पण इंजिन चाललं अशी बातमी कुठे छापून येते? बंद पडलं तरच येते. काही न छापलेलं वर्तमानपत्र घडी करून ठेवायचं आणि घरी यायचं, असं इतकी वर्षं चाललं.

गेल्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने निरोप आणला. फुवांच्या शिफ्टमधले कोकणातले जोडीदार, जे पॅनेलवर बसत, ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जळगावावरून जाणार होते. काहीतरी सांगायचं आहे, स्टेशनवर या, एवढंच. फुवा त्या दिवशी मफलर विसरले. फुईने भरीत आणि कळण्याच्या भाकरीचे डबे भरून दिले. अर्थात दोन.

गाडी थांबली. जोडीदार खिडकीत होते. त्यांनी फुवांचा हात धरला आणि बोलायला लागले, पण चहावाल्यांच्या ओरड्यात फुवांना काही ऐकू येईना. ते नुसते त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. मग जोडीदार मला सांगायचे आणि मी फुवांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचो. अणुभट्टीचा मामला मी असा अख्ख्या फलाटाला ऐकवला.

खरी हाक आली होती. वादळात बाहेरची वीज गेली. पहिलं इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं. राहिलं फुवांचं.

"चालनं का?" फुवांनी विचारलं.

चाललं, मी ओरडलो. पण भार घेतल्यावर तोच लाल दिवा पुन्हा लागला, तेलाचा दाब कमी, भोंगा वाजायला लागला. फुवांनी खिडकीचा गज घट्ट धरला. जोडीदार म्हणाले, माझा हात बंद करायच्या बटणापर्यंत गेला होता हो, पण मागे घेतला. वीज परत येईपर्यंत इंजिन लाल दिव्यासकट चालत राहिलं. नंतर उघडलं तर बेअरिंग आरशासारखं. स्विचही ठीक, त्याची वायर आत कुठेतरी घासली गेली होती, ती अधूनमधून खोटं बोलायची.

शिट्टी झाली. गाडी हलली तसे फुवा खिडकीबरोबर चालू लागले आणि मोठ्याने विचारते झाले, "दहाच्या आत?" जोडीदारांनी दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. दोन बोटं मिटलेली होती, म्हणजे आठ. गाडी पुढे गेली तरी ते हात दिसत होते.

डबे द्यायचे राहूनच गेले. दोन्ही माझ्याच हातात. आम्ही बाकावर बसलो.

"मी तठे ऱ्हातू तं बंद करी टाकतू," फुवा म्हणाले. "जयी जाई म्हनीसन."

मी तिथे असतो तर जळेल या भीतीने बंद करून टाकलं असतं. हे ते इतक्या हळू बोलले, की त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नसावं. मी एक डबा उघडून त्यांच्या पुढे ठेवला आणि दुसरा स्वतः घेतला. घाईत फुईकडून भरितात मीठ दोनदा पडलं होतं. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी सवयीने फुवांच्या चपलांकडे पाहिलं. फुवा उठले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी डबा पुसून घेतला आणि विचारलं, तुझ्यात काही उरलं आहे का.