शालिकरामची गाठ

शालिकरामचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. माग गेला, पण बोटांतली कला गेली नाही. नागपूरच्या एका विद्यापीठात तो शिपाई म्हणून लागला आणि पहिल्या दिवसापासून फायलीच्या नाडीला मागावरची गाठ मारू लागला. गाठ अशी चिवट, की फाईल बांधायला शालिकराम आणि सोडायलाही शालिकरामच. कात्री लावावी तर नाडी सरकारी, तिच्या नुकसानीचा खुलासा कोण लिहिणार? मोठमोठे साहेब नखं मोडून घेत आणि मुकाट्यानं बेल वाजवत. असली एकतीस वर्षं, बाप्पा!

मग विद्यापीठानं बदलायचं ठरवलं. त्यासाठी आधी सगळ्या कारभाराचा नकाशा हवा, कोणतं काम कुठून निघतं आणि कोणाकडे जातं याचा. त्याला म्हणे एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. त्या कामासाठी बाहेरून अदिती मॅडम आल्या आणि भिंतभर कागद लावून चौकोन नि बाण काढू लागल्या. ज्याचा चौकोन नाही त्याची रवानगी भंडारात, अशी बातमी कॅन्टीनमध्ये फुटली. निवृत्तीला आठ महिने उरले असताना भंडारात उंदरांसोबत बसायचं? आयुष्यात नावाची पाटी कधी लागली नाही, ते त्यानं सोसलं होतं. आता नकाशातही जागा नाही म्हणजे हद्दच झाली.

"काहून तोंड पाडून बसले? सांगा नं त्या मॅडमले!" त्याची बायको गोदूबाई डाफरली.

"शिपायाचा कुठं चौकोन असते का वं?"

तो काही मॅडमकडे गेला नाही. तिकडे मॅडम प्रत्येक कारकुनाला विचारत, "यानंतर फाईल कुठे जाते?" आणि जो तो इमानदारीत सांगे, "शालिकरामकडे." परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह, सगळ्यांचं उत्तर एकच. महिन्याभरात दोनशे बाण एकाच चौकोनात घुसले. मॅडमना वाटलं, केवढा मोठा अधिकारी! त्यांनी तो चौकोन थेट कुलगुरूंच्या वर काढला.

सभेत त्यांनी विचारलं, "शालिकराम सर आलेत का? त्यांच्याशिवाय इथे पानही हलत नाही."

"मीच जी," दारातून चहाचा ट्रे बोलला. म्हणजे ट्रेमागचा शालिकराम.

कुलगुरूंनी नकाशा पाहिला, मग स्वतःची नखं पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले.

चौकोन राहिला. सगळा कारभार संगणकावर गेला, नाडी संपली, गाठ संपली, तरी प्रत्येक फाईल नकाशाबरहुकूम 'शालिकराम' या टप्प्यावर थांबायची. तो चष्मा पुसून बटण दाबी, तेव्हाच ती पुढे जाई. मार्चमध्ये तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी दोन हजार फायली तुंबल्या. नकाशाला हात लावायची कोणाची छाती होईना. शेवटी पेपरात जाहिरात आली: पदनाम शालिकराम, जागा एक, कायम.

त्या जागेवर रवींद्र नावाचा माणूस लागला. पेन्शनच्या कागदासाठी गेलेल्या शालिकरामनं त्याच्या खोलीचं दार पाहिलं आणि रिकाम्या हातानं घरी येऊन लहान पोरासारखा रडला.

"माह्या नावाची पाटी लागली वं, गोदे! पितळेची!"

"लागली खरी," डोळ्याला पदर लावत गोदूबाई म्हणाली, "पण तुमचा पेन्शनचा कागद घेऊन तिच्यामागं रवींद्र बसून राहिला नं!"