तुटके शिरवाळे

नारळाच्या रसात गूळ विरघळला, की साठ सालच्या आसपासची ती सकाळ आठवते. सातवीतच शाळा सुटली होती आणि दुसऱ्या दिवशी मला नागपूरला कामाला जायचं होतं. कोकणात मसुऱ्याच्या घरी आई उकडलेल्या तांदळाच्या पिठाचे गरम गोळे शेवयांसारखे शिरवाळे पाडायच्या साच्यात घालत होती. लाकडी दांडा बाबा आणि मी मिळून दाबत होतो.

“जोर काढ गो! उद्या माझ्या वांगडा कोण दाबतला?” बाबा हसत म्हणाले, आणि त्यांचाच हात सैल पडला.

“पीठ निवता हा, दाबा!” आई ओरडली.

तुटलेले शिरवाळे बाबांनी आपल्या पानात घेतले. लांब, अखंड तेवढे मला वाढले.

आता एकटीला दाबता येईल असा छोटा सोऱ्या आहे. लांब शिरवाळेही माझेच, तुटकेही माझेच.