तिसऱ्या मजल्यावरचा नकलाकार

युरो नुकता आला होता, तेव्हा आमच्या बर्लिनच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आयरिश कादंबरीकार राहायचा. जगाची टर उडवणं हा त्याचा धंदा. अख्ख्या बर्लिनमध्ये शहाणा काय तो हाच! रविवारी जरा आवाज झाला की खिडकीतून ओरडणाऱ्या जर्मन शेजाऱ्यांवर त्याने एक जाडजूड कादंबरी लिहिली होती. जिन्यात भेटला की त्या शेजाऱ्यांची नक्कल करायचा, मग एक डोळा मिटून, पोटावर थाप मारून स्वतःच खिंकाळायचा. कुणी नाही हसलं तर वर उपदेश, "माणसाला स्वतःवर हसता आलं पाहिजे."

एका रविवारी अंगणात सगळ्या इमारतीची ग्रिल पार्टी होती. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना त्याची भाषा कळत नव्हती, पण जिन्यातल्या त्याच्या नकला पाहून माणूस बरोबर कळला होता. त्यांनी एक डोळा मिटला, पोटावर थाप मारली आणि हुबेहूब त्याच्यासारख्या खिंकाळल्या. सगळे पोट धरून हसले. तो मात्र प्लेट आपटून वर निघून गेला.

थोड्याच वेळात त्याची खिडकी उघडली. लालबुंद होऊन तो खाली ओरडला, "आज रविवार आहे! शांतता पाळा!"

सासूबाई कौतुकाने वर बघत राहिल्या. "छान करतो गं! ही कुणाची नक्कल?"

"आई, ही नक्कल नाही."