इनास सरांचं ‘डेव्हलप’

इनास सर इंग्रजी क्रियापद शिकवायला वाडीतून काहीतरी उचलून आणत. ‘डेव्हलप’च्या दिवशी वर्गात केळफूल आलं. त्यांनी एक जांभळी पाकळी सोडवली. आत इवल्या केळ्यांची फणी. दुसरी पाकळी, दुसरी फणी. "एन्व्हलप म्हणजे गुंडाळणं, डेव्हलप म्हणजे गुंडाळलेलं सोडवणं. शब्द फ्रेंचांकडून आला. वाढणं, सुधारणं हे अर्थ मागाहून चिकटले. आतलं आधीच असतं, आपण उलगडायचं. सुरी लावलीत तर भाजी होते."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. इंग्रजीची भीती सरांनी घालवली, म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या पुतण्यावरचा माझा राग मी झाकणार नाही.

उमेळे गावात सरांच्या घरामागे बावखल होतं. पावसाचं पाणी धरून ठेवणारं जुनं तळं; त्याच्या जिवावर आसपासच्या विहिरी गोड राहायच्या. एकदा त्यांचा पुतण्या रॉनी बिल्डरच्या माणसाला घेऊन आला. मी तिथेच बसले होते.

"अंकल, बावखल भरलं की प्लॉट मस्त डेव्हलप होईल. नायतरी मच्छरच होतात."

"मच्छर तुझ्या आज्यालाही चावले. त्याने तळं नाय बुजवलं."

बिल्डरचा माणूस हसला. "सर, जमाना बदलला."

"बदलू दे. विहीर खारी झाली तर प्यायचं काय?"

"टँकर आहे ना."

सरांनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "मग चहाही टँकरचाच पी."

गेल्या वर्षी सर हॉस्पिटलात होते, तेवढ्यात रॉनीने डबर टाकून बावखल भरलं. सर घरी आले, काठी टेकत मागे गेले. काठीचं टोक डबरावर आपटलं.

"याला डेव्हलप म्हणतोस? याला पुरणं म्हणतात, रॉनी. आणि पुरायच्या आधी माणूस मेलाय का ते बघतात."

रॉनी फोनवर बोलत होता. त्याने हात करून थांबायला सांगितलं. आयुष्यभर शिकवत आलेल्या माणसाला, त्याच्याच अंगणात, हात करून.

सर त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले. परवा चर्चमध्ये त्यांची वर्षाची मिस्सा, म्हणजे स्मरणाची प्रार्थना, झाल्यावर सगळे त्यांच्या घरी जमलो. रॉनीने चहा आणून दिला.

"साखर जास्त घातलीय," तो म्हणाला. "विहीर हल्ली जरा खारट लागते."

मी कप ओठाला लावला नाही. मागे जाऊन डबरावर ओतला आणि रिकामा त्याच्या हातात दिला.

"टँकरचा कर," मी म्हणाले. "सर सांगून गेलेत."