पाकिटातली वायर

कचेरीच्या स्टोअरमध्ये सगळे त्यांना जपूनराव म्हणत. रिकामं रिफिल दाखवल्याशिवाय नवं पेन न देणारा हा गृहस्थ घरीही ड्यूटीवरच असे. सोफ्याचं प्लास्टिक कधी निघालंच नाही. सोफा आतल्या आत म्हातारा झाला. प्रत्येक वस्तूचा चांगला दिवस पुढे येणार आहे, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तो आपल्या हयातीत उगवू नये याची ते काळजी घेत.

बायको मुलांच्या कपड्यांचे साचे आखून शिवणवाल्यांना विकायची. तिचं आजवरचं सगळं काम स्कॅन करून लॅपटॉपमध्ये होतं. मूळ कागद जपूनरावांनी पाठकोरे म्हणून वापरून संपवले होते. आता लॅपटॉपचा पंखा बिघडला. सुरू केला की थोड्या वेळात तापून बंद पडे. दुरुस्तीवाला म्हणाला, "आधी सगळं बाहेर काढून घ्या. पुढच्या वेळी उठेलच असं नाही."

जपूनरावांनी एक्स्टर्नल ड्राइव्ह आणली. "सेकंदाला हजार एमबी! चहा उकळायच्या आत काम फत्ते."

चहा उकळला, गाळला, निवला. पडद्यावरचा वेगाचा आकडा तिशीतच रेंगाळत होता. लॅपटॉपनं मान टाकली.

"अर्धं आलंय ना? उरलेलं तेवढं घ्या," बायको म्हणाली.

"छे! असं तुकड्यातुकड्यानं नाही. पहिल्यापासून, स्वच्छ." आणि आलेलं अर्धं त्यांनी पुसून टाकलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच. बायकोचा भाऊ सोफ्यावर चरचर करत वळला. "भाऊजी, ताईनं हातानं आखून काढलं असतं एव्हाना."

"खोक्यावर छापलंय हजार. छापलेलं खोटं असतं होय?"

बायकोनं खोकं उचललं. हजाराच्या खालची बारीक ओळ वाचली: या वेगासाठी सोबतचीच वायर वापरा.

"अहो, सोबतची वायर कुठाय?"

"आहे की. ठेवलीय नीट पाकिटात."

"मग ही कसली?"

"जुन्या फोनच्या चार्जरची. बसते ना भोकात? वायर ती वायर."

कापडाची कात्री दुसऱ्या कशाला लावायची नाही, हा त्या घरात तिचा एकमेव कायदा. तिनं तो स्वतःच मोडला. पाकीट चरकन कापलं.

"अगं, सील!" जपूनराव कळवळले.

लॅपटॉप या वेळी बराच वेळ उठेना. उठला. आकडा हजारावर काही गेला नाही. चारशेच्या आसपास राहिला, बारक्या फायली आल्या की धापा टाकू लागला. पण लॅपटॉप तापायच्या आत शेवटचा साचा उतरला. मग पडदा काळा झाला, तो कायमचाच.

"बघितलंस?" जपूनराव म्हणाले. "ड्राइव्ह आणली म्हणून वाचलं."

सकाळी तिला एक साचा पाठवायचा होता. भावाचा लॅपटॉप मागून आणला, तर ड्राइव्हला चार्जरची वायर. नवी पाकिटात परत गेली होती, कापलेल्या कडेला सरळ रेषेत टेप.

"हे काय?"

"ठेवली," ते म्हणाले. "उद्या खरंच गरज पडली तर?"