नांदेडच्या लग्नाचं आमंत्रण

लातुरात डाळमिलच्या मागच्या गल्लीत संस्थेनं एक घर भाड्यानं घेतलंय. तिथं मी चार मुलींसोबत राहते. कागदावर माझं पद ‘गृहमाता’ असं आहे, पण मुली मला मावशी म्हणतात. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलेल्या आणि ज्यांना घरी परत पाठवणं धोक्याचं, अशा या मुली. कुणाचं लहानपणीच लग्न लावून दिलेलं, कुणाला कामाला म्हणून नेऊन कोंडलेलं. त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहीपर्यंत सोबत राहायचं, हे माझं काम. ऐकायला जड वाटतं, पण माझा अर्धा दिवस बाथरूममध्ये आधी कोण जाणार, ही भांडणं सोडवण्यातच जातो.

त्यातली एक देगलूरकडची. रागावली की तेलुगूत सुरू व्हायची. तेराव्या वर्षी गावातल्या एका बाईनं, जिला ती आत्या म्हणायची, शाळेत घालते म्हणून तिला मोठ्या शहरात नेलं आणि एका बंगल्यात कामाला ठेवलं. चार वर्षं धुणंभांडी, मालकाची लेकरं सांभाळणं आणि दाराला बाहेरून कुलूप. शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं तेव्हा सुटली, पण आत्या सापडली नाही. मग बालगृह, मग आमचं घर.

आली तेव्हा सगळं विचारून करायची. ‘‘मावशी, पाणी पिऊ का?’’ ‘‘मावशी, पंखा लावू का?’’ पहिल्या आठवड्यातच मी कंटाळले. म्हटलं, ‘‘हे बघ, पाणी, पंखा अन् संडास, या तिन्हीला मला विचारायचं न्हाई. विचारलंस तर त्या दिवशी भाकरी मी करणार.’’ माझी भाकरी सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोर येऊन उभी. ‘‘मावशी, गूळ बी त्यातच धरायचा का?’’ बाकीच्या तिघी हसून हसून लोळल्या. जरा वेळानं तीही हसली.

हळूहळू रुळली. शिवणक्लासला एकटी जाऊ लागली. रिक्षावाल्याशी घासाघीस करायला तर ती माझ्यापेक्षा पटाईत निघाली.

एका दुपारी मी लसूण सोलत बसले होते. ती क्लासहून आली आणि माझ्यासमोर एक पिशवी ठेवली. आत मोरपंखी रंगाचा नवा कोरा ड्रेस.

‘‘मावशी, रागावू नका. क्लासच्या बाहेर आत्या भेटली.’’

‘तू तिच्याशी बोललीसच का,’ हे अगदी जिभेवर आलं होतं. पण आम्हाला शिकवलंय, पोरगी बोलत असेल तर आधी ऐकायचं. मी लसूण बाजूला सारला. ‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणे, लई वाळलीस. नांदेडला पाव्हण्यांत लग्न हाय, दोन दिवस चल. बेस्तवारी सकाळी नांदेडच्या स्टँडवर थांबते म्हणली. सोबत एक सातवीतली पोरगी हाय. तू असलीस तर ती रडायची न्हाई, म्हणली.’’

तिला पुढं काही सांगायची गरज नव्हती. हेच लग्न तिलाही एकदा सांगितलं होतं, फक्त तेव्हा त्याचं नाव शाळा होतं.

‘‘तुला जायचंय का?’’ मी विचारलं.

‘‘ड्रेस लई चांगला हाय ओ,’’ असं म्हणून ती रडायलाच लागली. ‘‘आईसारखी बोलती ती. मला लई राग बी येऊन राहिला अन् बरं बी वाटून राहिलं.’’

‘‘दोन्ही वाटू दे,’’ मी म्हटलं. ‘‘पण ती पोरगी लहान हाय. हे मला पोलिसांना सांगावंच लागंल, तुझ्यापासून लपवत न्हाई. तू यायचं का न्हाई, ते तू ठरव.’’

तिनं ओढणीनं नाक पुसलं. ‘‘येते. पण मीच सांगन. तुम्ही मधी मधी बोलू नका.’’

संस्थेच्या ताईंना फोन केला आणि आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार बाई सवयीनं माझ्याकडं बघून विचारायच्या. मी तोंड उघडलं की माझ्या कमरेत हिचा कोपर बसायचा. तिसऱ्या कोपरानंतर बाईंनाच हसू आलं आणि त्यांनी खुर्ची हिच्याकडं वळवली. हिनं सगळं सांगितलं. आत्याचा फोन नंबरसुद्धा तिला अजून तोंडपाठ होता.

ड्रेस पंचनाम्यात गेला. तिला त्याचं फार वाईट वाटलं. बाहेर आल्यावर पुटपुटली, ‘‘आत्याला ठेवायचं, ड्रेस तरी द्यायचा.’’

बेस्तवारी सकाळी आम्ही फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन बसलो होतो, पण ताटल्या तशाच भरलेल्या होत्या. साडेनऊला फोन आला. नांदेडच्या स्टँडवर बाई सापडली होती आणि तिच्यासोबत दप्तर पाठीला लावलेली मुलगी होती. मुलगी सुखरूप होती. मी हे सांगितल्यावर हिचा पहिला प्रश्न, ‘‘तिनं काही खाल्लं का?’’ मी परत फोन लावून विचारलं. महिला शिपायानं तिला इडली खाऊ घातली होती. मग आमच्या घरातही ताटल्या रिकाम्या झाल्या.

जबाबासाठी आम्हाला नांदेडला जावं लागलं. तोवर तिनं तसल्याच रंगाचं कापड आणून स्वतः ड्रेस शिवला होता. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. तोच घालून कोर्टात उभी राहिली आणि न अडखळता बोलली. परतताना विष्णुपुरीला उतरून आम्ही धरण पाहिलं. ‘‘एवढं पाणी!’’ म्हणाली आणि लगेच भजी कुठं मिळतात ते बघायला लागली.

खटला अजून चालू आहे. ती नांदेडच्या एका बुटीकमध्ये शिवणकाम करते. बाह्या आता सरळ येतात. गेल्या महिन्यात मैत्रिणीसोबत खोली घेतली, तेव्हा गादी-भांडी घेऊन मीही गेले. गॅसची नळी, दाराची कडी, खिडकी, सगळं दोनदोनदा तपासलं. घरमालकीण माझ्याकडं बघतच राहिली. शेवटी तिनं विचारलं, ‘‘ह्या कोण तुझ्या?’’

‘‘माझ्या मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘लई बोलत्यात, पण चांगल्या हायत.’’

चहा झाला. तीनच्या एसटीला मला खिडकीची जागा मिळाली आणि लोहा यायच्या आत माझा डोळा लागला.