किमान तापमानाचा रकाना

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत वर्ध्यात सोलर पंपांची डिझाइनं करणारे आम्ही मोजकेच होतो, आणि मला त्याचा नको तितका तोरा होता. इन्व्हर्टरचा माहितीकागद वाचायचा, त्यातले आकडे सॉफ्टवेअरच्या रकान्यांत भरायचे आणि एका ओळीत किती पॅनेल जोडायची ते ठरवायचं.

सेलूकडच्या एका गावाच्या नळयोजनेचा इन्व्हर्टर आठशे व्होल्टपर्यंत सहन करणारा होता. कमाल तापमानात मी सत्तेचाळीस भरलं. किमान तापमानात सॉफ्टवेअरने आधीच पंचवीस लिहून ठेवलं होतं, ते तसंच राहू दिलं. वर्धेकराला थंडीचं काय विचारता? अठरा पॅनेलांचे सातशे ब्याण्णव व्होल्ट झाले. उन्हाळाभर पंप उत्तम चालला.

डिसेंबरात तक्रार आली. पंपाची किल्ली गावातल्या एका बाईंकडे असे. त्या म्हणाल्या, सकाळी पंप सुरूच होत नाही. मी बसने अकराला पोहोचलो, तर पंप चालू. त्यांच्या वहीत लिहिलं, ‘पंप चालू आहे. तक्रारीत तथ्य नाही.’ खाली सही. महिनाभरात हेच तीनदा झालं. बाईंना उगाच कटकट करायची सवय आहे, असं मी ऑफिसात सांगूनही टाकलं.

तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “साहेब, तुमी अकराले येता. एकदा सकाळी येजा.”

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली. कानाला रुमाल बांधूनही डोकं बधिर झालं होतं. आठ वाजता ऊन पडलेलं, पण पॅनेलांना हात लावला तर गारठलेली. मीटर लावला. आठशे पस्तीस. इन्व्हर्टरवर लाल दिवा. थंडीत पॅनेलचे व्होल्ट वाढतात, हे पॅनेलांच्याच माहितीकागदावर छापलेलं होतं, आणि मी ते वाचलेलंही होतं. दहाच्या पुढे पॅनेल तापली की व्होल्ट उतरत, पंप आपोआप सुरू होई आणि मग मी बसमधून उतरे.

टाकी लहान, रात्रीपर्यंत रिकामी होणारी. समोरून बाया विहिरीचं पाणी घेऊन येत होत्या. नऊच्या आत त्यांना कापूस वेचायला निघायचं होतं. नळाला पाणी येई तेव्हा घरी कोणी नसे. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच वायर तपासत बसलो.

एक पॅनेल ओळीतून काढलं. थोड्या वेळाने पंप सुरू झाला. मी बाईंकडे वही मागितली. माझे तिन्ही शेरे खोडायचे होते.

त्यांनी वही पदराखाली धरली. “राहू द्या,” त्या म्हणाल्या. “खाली आजचं लिवा. पुढच्या साहेबाले दोन्ही वाचू द्या.”